पहिले माप

३० डिसेंबर २०२४. अंगणवाडीच्या पटावर मुले एकोणीस. त्या दिवशी गावात मुले अकरा. उरलेली आठ आईबापांबरोबर ऊसतोडीला.

हे आकडे सुकन्याबाईंना तोंडपाठ होते. लातूरहून नांदेडकडे निघालेल्या रस्त्याला चाकूरच्या अलीकडे एक फाटा फुटतो. काळ्या रानातून आत गेले की हे गाव लागते. तिथे त्या पंचवीस वर्षे अंगणवाडीसेविका आहेत. आज ज्या बाया कडेवर पोर घेऊन दारात येतात, त्यांतल्या कित्येकजणी कधीकाळी त्याच दारात नाक पुसत उभ्या राहिलेल्या. एकोणिसातून अकरा गेले की आठ उरतात, हे कोणीही सांगेल. सुकन्याबाईंचे मन मात्र त्या आठांपैकी एकीपाशी अडले होते. ती आरती. आज येळवस होती, आणि येळवशीला आरती येईल या आशेवर त्यांनी दिवाळीपासूनचे दिवस काढले होते.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. या भागात त्या दिवशी गाव रिकामे होते आणि रान भरते. ज्याच्या त्याच्या शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपटे, उभे राहते, कोपीत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडले जातात, आणि डोक्यावरून आणलेल्या मडक्यातली आंबील, हिरव्या शेंगा-भाज्यांची भज्जी आणि ज्वारीचे उंडे ज्याला त्याला बोलावून खाऊ घातले जातात. पोटासाठी लांब गेलेले लोकही जमेल तसे या दिवसाला परततात. परततात, म्हणूनच वाट पाहिली जाते.

आरती बजरंगची मुलगी. पाच पुरी होऊन सहावे लागलेले. बजरंगला दोन एकर कोरडवाहू रान. पेरणी-काढणी आटोपली की तो आणि त्याची बायको टोळीबरोबर ऊस तोडायला जात. आधीची वर्षे आरती मागे राहिली होती, आजीजवळ. आजी कस्तुराबाई. आरतीने मोजायला शिकण्याची सुरुवात केली ती या आजीच्या मांडीला मांडी लावून, ज्वारीच्या कणगीशी.

सुकन्याबाईंच्या अंगणवाडीत भिंतीवर अंकांचा तक्ता होता, रंगीत होता, आणि त्याच्यावर त्यांचा राग नव्हता. पण मुलाला आधी वस्तू भेटावी आणि मग तिचा आकडा भेटावा, हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही. सकाळी मुले आली की उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग पडे. त्यातून जोड्या लावायच्या. एखादी चप्पल एकटी उरली की मुले आपोआप म्हणत, कुणीतरी एका पायाने आलंय. मग सगळे एकमेकांचे पाय तपासत आणि हसून लोळत. अंगणातल्या लिंबाची सावली पायरीला टेकली की खिचडीची वेळ. ती पायरीपासून किती वीत लांब आहे, हे आळीपाळीने मोजायचे. नरसिंगच्या विती जास्त भरत आणि आरतीच्या कमी, तेव्हा सावली खोटी की हात खोटा, यावर भांडण लागे. बाई ते भांडण लवकर मिटवत नसत. वाळूच्या ढिगाशी एक जुने मापटे आणि एक चिपटे ठेवलेले असे. दोन चिपट्यांनी मापटे भरते, हे त्यांनी एकाही मुलाला सांगितलेले नव्हते. तरीही ते माहीत नसलेले मूल त्या दारातून पहिलीत गेले नव्हते.

ही मापे त्यांच्या माहेरची. नायगावजवळच्या एका खेड्यात त्यांचे वडील माणिकप्पा मापाडी होते. सुगीत ते खळ्याखळ्यावर जात. ज्वारीच्या राशीपुढे एक गुडघा टेकून बसत, पायली भरत आणि पोत्यात रिकामी करत. मोजताना आकडा चुकू नये म्हणून तोच आकडा घोळवत राहण्याची रीत होती: दोनच दोन, दोनच दोन, मग तीनच तीन. पण पहिल्या पायलीला ते एक म्हणत नसत. पहिल्या पायलीला म्हणायचे, बरकत. तो शब्द ते इतका लांबवत की पायली भरून शीग लागेपर्यंत तो संपत नसे. निजामाच्या काळापासूनची ही रीत. खळे हिंदूचे असो की मुसलमानाचे, पहिले माप बरकतीचे. लहानग्या सुकन्येने एकदा विचारले होते, अप्पा, एक का म्हणत न्हाईत? अप्पांनी पायलीवरचा हात न काढता उत्तर दिले होते, "पयलं माप मोजायचं नसतं, मागायचं असतं."

काटे आले, पोती काट्यावर चढली, आणि माणिकप्पांचा आवाज घरापुरता उरला. पुढे तोही गेला. त्यानंतर किती वर्षे सुकन्याबाईंनी तो शब्द तशा तऱ्हेने ऐकला नव्हता. आणि एका सकाळी, वाळूच्या ढिगाशी बसलेल्या आरतीने मापटे भरता भरता म्हटले, "बरकत, बरकत, बरकत... दोनच दोन, दोनच दोन..." हातातला झाडू तसाच धरून सुकन्याबाई दारात उभ्या राहिल्या होत्या.

पावसाळ्याच्या अखेरीस पर्यवेक्षिका पाहणीला आल्या. सौदामिनी म्याडम लातूरला राहत. बोलायला गोड, कामाला पक्क्या. त्यांनी आरतीला जवळ बसवून घेतले आणि पुढ्यात चिंचोके टाकले.

"बाळ, हे मोजून दाखव बरं."

"बरकत, दोन, तीन, चार, पाच."

म्याडम हसल्या. "बरकत? ही कोण गं? तुझी मैत्रीण का?"

मुले खदखदून हसली. मुले हसतात म्हणून आरतीही हसली, पण तिचा हात पहिल्या चिंचोक्यावरच राहिला.

"सुकन्याताई, पोरगी चुणचुणीत आहे," म्याडम जाताना म्हणाल्या. "पण जूनला पहिलीत जाईल. तिथं कुणी हे समजून घेणार नाही. तिला मठ्ठ ठरवतील. घरची सवय मोडा तेवढी."

म्याडमच्या बोलण्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. सुकन्याबाईंना सांगता आले असते की ही सवय एका घराची नाही; आपल्या बापाने याच शब्दाने हजारो पोती मोजली आणि एका पायलीचीही चूक केली नाही. त्या म्हणाल्या, "हाव म्याडम."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आरतीला सांगितले, "आरती, बरकत म्हणायचं न्हाई. शाळेत म्हणत न्हाईत."

"का?"

"न्हाईत म्हणत."

मुलाच्या 'का'ला उत्तर दिल्याशिवाय पुढे जायचे नाही, असा त्यांचाच नेम होता. त्या दिवशी त्या पुढे गेल्या. आरतीने मान हलवली. ती गुणी मुलगी होती, सांगितलेले ऐकणारी.

यानंतर जे घडले ते कुणाच्याही लक्षात आले नाही, आणि लक्षात न येण्याचे कारण गणिताच्या पोटातच होते. आरतीने आजीकडून एक क्रम शिकला होता: पहिले बाजूला ठेवायचे, त्याला मान द्यायचा, मग पुढचे मोजायचे. बाईंनी तिच्याकडून शब्द काढून घेतला. बाजूला ठेवणे तिच्यापाशी राहिले. आता ती पहिली वस्तू काही न बोलता सरकवी आणि दुसऱ्या वस्तूपासून सुरुवात करी: एक, दोन, तीन. खिचडीच्या वेळी ताटल्या मांडायचे काम तिचेच होते. ती मुले मोजी, एक कमी येई. ताटल्या मोजी, त्याही एक कमी येत. दोन्हीकडे सारखीच उणीव, त्यामुळे प्रत्येकापुढे ताटली बरोबर पडे. चुकीला चुकीची जोडी मिळाली की हिशेब चोख दिसतो. मोठ्यांच्या जगातही पुष्कळ हिशेब असेच चोख दिसत असतात. सुकन्याबाई खूश होत्या. पोरगी 'एक' म्हणू लागली होती.

दिवाळीच्या सुट्टीआधी एके दिवशी शेतात सोयाबीनची घाई होती आणि मुले थोडीच जमली होती. त्या दिवशी बाईंनी काम वाटून दिले: आरतीने मुले मोजून सांगायची, नरसिंगने तेवढ्या ताटल्या आणायच्या. आरतीने आधी आपल्या छातीला हात लावला, ओठ मिटलेलेच ठेवले, आणि मग एकेकाच्या डोक्याला बोट लावत गेली. "एक, दोन, तीन..." शेवटच्या डोक्याशी आली तेव्हा म्हणाली, "आठ."

नरसिंगने आठ ताटल्या आणल्या. मुले होती नऊ. आठजणांपुढे ताटल्या पडल्या, खिचडी वाढली गेली, आणि आरती भिंतीला टेकून उभी राहिली. तिने तक्रार केली नाही. रडलीही नाही.

"आगं, तुझी ताटली कुठाय?" बाईंनी विचारले.

"माझी न्हाई."

"न्हाई कशी?"

"मी पयली हाय ना, बाई," आरती समजावणीच्या सुरात म्हणाली. "पयलं मोजायचं न्हाई. तुमीच सांगितलाव."

"ह्ये येडी हाय, बाई," नरसिंग तोंडात घास घेऊन म्हणाला. "सोताला सोडून मोजती!"

फळीवरून नववी ताटली निघाली, आरती जेवली, मुले हात धुवायला पळाली. सुकन्याबाई तिथेच बसून राहिल्या. आपल्या एका वाक्याने या मुलीच्या मोजणीतून नेमके काय वजा झाले, ते त्यांना दिसले होते. त्याच दिवशी तिला जवळ घेऊन 'असं नाही, असं' म्हणता आले असते. पण तोंडाने सांगून बिघडवलेली गोष्ट पुन्हा तोंडाने सांगून सुधारत नाही, एवढे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. आरतीला अशा वस्तूंपुढे बसवायला हवे होते, ज्या किती आहेत याबद्दल तिच्या मनात शंकाच नसेल. पांडव पाच. हे तिला आजीने सांगितलेले, गावाने सांगितलेले. कोपीत बसून तिने ते पाच दगड आपल्या हाताने मोजावेत, चार यावेत, तिचे तिला खटकावे, आणि मग पहिल्या दगडाचे काय करायचे हे दोघींनी मिळून ठरवावे.

"येळवशीला आपुन पांडव मोजू," त्या म्हणाल्या. "मग तुला एक गंमत सांगते."

"नक्की?"

"नक्की."

दिवाळी सरली आणि टोळ्या निघाल्या. या वर्षी बजरंगच्या घरात चार महिन्यांचे बाळ होते. आई ऊस तोडणार, तर बाळाजवळ कुणी बसायचे? सुकन्याबाई सुट्टीनंतर कस्तुराबाईंच्या दारी गेल्या, तेव्हा म्हातारी एकटीच शेंगा फोडत बसली होती.

"आरती कुठाय, आत्याबाई?"

"गेली की. बाळाला कोण धरल? मी म्हणलं ठिवा, तर सून म्हणती, मग तुमी चला. माझं गुडघं कुठं चालतेत?" कस्तुराबाईंनी हातातली शेंग तशीच खाली ठेवली. "जाताना मला म्हणती, बाईला सांग, मी येळवशीला येती. पांडव मोजायचे हायत."

तेव्हापासून सुकन्याबाई वाट पाहू लागल्या. त्यांनी आजवर पुष्कळ मुलांची वाट पाहिली होती. दर वर्षी मुले जात आणि गुढीपाडव्याच्या आसपास उन्हाने काळवंडून परत येत. पण ही वाट निराळी होती. येत्या जूनमध्ये आरती पहिलीत जाणार. तिथले गुरुजी वाईट नाहीत. पण दर वेळी एक कमी सांगणाऱ्या मुलीच्या मनात काय चालले आहे, हे त्यांना कळण्याचा काही मार्ग नाही. ते ठाऊक असलेले माणूस एकच होते. चपलांच्या जोड्या लावताना, वाळूत मापटे बुडवताना, आता दुसरी मुले हसत-भांडत. सुकन्याबाईंचा कान मात्र एका न आलेल्या आवाजाकडे लागलेला असे. त्या आवाजात त्यांच्या अप्पांचाही आवाज मिसळलेला होता. दोघांना त्यांनी एकाच वाक्यात गप्प केले होते.

येळवशीच्या सकाळी त्या कस्तुराबाईंच्या रानात गेल्या. हरभरा घाट्यांनी भरला होता, ज्वारी कमरेवर आली होती. शेजारच्या बांधावरच्या रामलिंगने म्हातारीला कोप घालून दिली होती. आत पाच पांढरे दगड, त्यांच्यापुढे आंबिलीचे मडके. माणसे मात्र दोनच, म्हातारी आणि रामलिंग.

"आले न्हाईत?" सुकन्याबाईंनी विचारले.

"मुकादम सोडंना. कारखाना भरात हाय म्हणतो." कस्तुराबाईंनी पदराने तोंड पुसले. "बसा, बाई. भज्जी गार होती."

सुकन्याबाई बसल्या, पण घास हातातच राहिला. त्यांची नजर पुन्हा पुन्हा दगडांवरून फिरत होती.

"बाई, आज तरी सुट्टी घ्या की," रामलिंग म्हणाला. "पांडवबी मोजून राहिल्या का? पाचच हायत. मी सोता चुना लावलाय. कौरव आणायचे म्हणलाव तर मात्र मला जमणार न्हाई."

म्हातारी हसली, आणि हसता हसता तिने कमरेच्या पिशवीतून फोन काढून रामलिंगपुढे धरला. "लाव रं बजरंगला. नातीचा आवाज तरी ऐकू."

बजरंगने फोन उचलला, आईशी बोलला, आणि मग फोन आरतीकडे गेला. कस्तुराबाईंनी तो सुकन्याबाईंच्या हातात दिला.

"आरती, वळख बरं, कोण?"

"बाई!"

"काय करून राहिली?"

"बाळाला निजवून राहिले. बाई, हितंबी कोप हाय. लई कोप्या हायत."

येळवशीची कोप एका दिवसाची असते. फडावरच्या कोपीत माणसे उन्हाळ्यापर्यंत राहतात. सुकन्याबाईंनी विचारले, "किती हायत गं?"

पलीकडून पुटपुट ऐकू आली. मग उत्तर आले, "सात."

मागून बजरंग मोठ्याने हसला. "आठ हायत, बाई! ही रोज एक कोप गिळती. सगळ्यांच्या मोजती आन् आपलीच सोडती. काय शिकवलाव हो हिला?"

ते थट्टेने म्हटलेले होते. सुकन्याबाईंनी फोन कानाशी घट्ट धरला.

"आरती, मी आजीच्या कोपीत हाय. पांडवापुढं. पांडव किती?"

"पाच."

"नाव घेऊन मोज बरं."

"भीम एक. अर्जुन दोन. नकुल तीन. सहदेव चार." आणि तिथे ती थांबली. ही थांबण्याची जागा त्यांनी दिवाळीपासून मनात जपून ठेवली होती. मुलाला इथे थांबू द्यायचे असते.

"बाई," आरती हळूच म्हणाली, "चारच आले."

"मग कोण ऱ्हायला?"

"धर्म. धर्म पयला हाय."

"तो हाय का न्हाई?"

"हाय की."

"हाय तर मोजायचा."

बाळ कुरकुरल्याचा आवाज आला, कुणीतरी लांबून हाक मारली. मग आरतीने विचारले, "मग त्याला बरकत म्हणू का, बाई?"

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दाचे होते, आणि ते सुकन्याबाईंच्या ओठांवर होते. पण त्याच क्षणी त्यांना पहिलीचा वर्ग दिसला, हसणारी मुले दिसली, पहिल्या चिंचोक्यावर तसाच राहिलेला हात दिसला. हो म्हणावे तर पुन्हा हसे. नाही म्हणावे तर पुन्हा तेच, जे आपण एकदा केले. 'बरकत म्हण, आणि तेच एक आहे असं धर. दोन्ही खरं आहे,' हे एवढ्याशा मुलीला फोनवरून कसे सांगायचे, ते त्या शोधत राहिल्या. शोधायला त्यांना श्वासभर वेळ लागला.

"हाव," त्या म्हणाल्या. "म्हण. बरकत म्हण, आन् एक बोट दुमड. तू बी..."

"बाई, मी बजरंग," पलीकडून आवाज आला. "ट्रॉली आली, भरायला चाललाव. आईला सांगा, पाडव्याला येताव."

"आरतीनं ऐकलं का, मी काय म्हणले?"

"काय म्हणलाव?"

"तिला द्या की जरा फोन."

"ती गेली बाळाला घिऊन. ठिवतो, बाई."

कस्तुराबाईंनी फोन परत पिशवीत घातला. काय बोलली नात, हे त्यांनी विचारले आणि सुकन्याबाईंनी सांगितले: पांडव मोजले. म्हातारी समाधानाने म्हणाली, "मोजलंच असंल. लई हुशार हाय."

दुपार कलली तसा रामलिंग आंबिलीचा लोटा घेऊन चर शिंपायला निघाला. बांधाबांधावरून तो आंबील शिंपडत गेला आणि 'ओलगे, ओलगे' असा पुकारा करत गेला. आजूबाजूच्या रानांतूनही तोच पुकारा येत होता. कोपीत कस्तुराबाई ओटी भरायला बसल्या. त्यांनी चिपट्यात ज्वारी घेतली, सुकन्याबाईंच्या पदरात टाकली, आणि सवयीने म्हणाल्या, "बरकत."

सुकन्याबाईंनी पदर आवळून धरला. पाच दगडांतल्या पहिल्यावर त्यांनी हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. कडब्याच्या फटींतून ऊन आत आले होते, दगडांवरचा चुना अजून ओलसर होता. मग त्या उठल्या आणि बांधाबांधाने गावाकडे निघाल्या.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत अकरा मुले आली. उंबऱ्याबाहेर चपलांच्या अकरा जोड्या लागल्या.

पाडवा लांब आहे. आरतीचा 'एक' सुकन्याबाईंकडे राहिला आहे. तो अजून दिलेला नाही.